जे मोजणीच्या दिवशी घरी नव्हते

म्हातारा म्हटलंत तरी मला राग नाही, मित्रांनो. मी आहेच जुना. चौदा वर्षांचा लॅपटॉप आहे मी. माणसाचं लेकरू चौदाव्या वर्षी हुंदडत असतं, आमच्या जातीत त्या वयाला काठी टेकायची वेळ येते. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालेला आहे, बिजागरीला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, 'क'चं बटण दोनदा दाबावं लागतं. बॅटरी तर कधीच गेली. वायर निघाली की मी झोपलोच. मानोऱ्यापासून अकरा किलोमीटरवर एक तांडा आहे. त्या तांड्याच्या शाळेत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. खिडकीतून पळसाची दोन झाडं दिसतात आणि एक सडक दिसते. ती सडक पुढे कुठे जाते ते मी कधी पाहिलं नाही. पण तिच्यावरून कोण कोण गेलं, ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खूप हात, खूप उजेड, आणि एकाही हाताला माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहायला वेळ नव्हता, एवढंच आठवतं. माझा खरा उंबरठा म्हणजे मानोऱ्याचं कापडाचं दुकान. त्याचे मालक हुकूमचंद शेठ. त्यांनी मला आपल्या लेकीसाठी, खुशबूसाठी आणलं. ती अमरावतीला इंजिनिअरिंग शिकायला निघाली होती. तिच्या आईने, अंगुरीबाईंनी, माझ्या झाकणावर हळद-कुंकू लावलं तेव्हा मी नवा होतो, लखलखीत होतो, आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

खुशबूने मला चार वर्षं जपलं. मांडीवर घेतलं, धुळीपासून झाकलं. मग तिला पुण्याला नोकरी लागली, नवा लॅपटॉप मिळाला, आणि मी दुकानातल्या कप्प्यात गेलो. वर लुगड्यांचे गठ्ठे, खाली मी. सहा वर्षं. कोपरा तिथेच उडाला, एका गठ्ठ्याने. कुणी मुद्दाम केलं नाही. अडगळीत पडलेल्याला कुणी मुद्दाम मारत नाही, मित्रांनो. तो फक्त कुणाच्या लक्षात नसतो.

पुढे खुशबूच्या धाकट्या भावाने, पुनीतने, दुकानाच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलं. तिथे संगीता शिकायला यायची. तांड्यातली, फुलसिंग आणि कमलीबाईंची मुलगी. बारावी झालेली, बोटं बारीक, नजर तिखट. स्क्रू फिरवताना जीभ दातांत धरायची तिची सवय. एक दिवस तिने लुगड्यांखालून मला ओढून काढलं.

"पुनीतभाऊ, हा भंगारात देऊन राह्यले का? मले द्या."

"ने ना," पुनीत हसला. "पण सांगून ठेवतो, तो उठेपर्यंत केलेला चहा थंड होते."

"त मी चहा उशिरा मांडीन," ती म्हणाली.

असा मी तांड्यात आलो. घरात ती माणसं आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. ती मला हळूहळू कळू लागली. परक्यांशी बोलताना ते वऱ्हाडीवर येतात. तुम्हाला समजावं म्हणून मी सगळं वऱ्हाडीतच सांगतो, फक्त आईला ते 'याडी' म्हणतात, तेवढा शब्द तसाच ठेवतो.

आता माझ्या दुखण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या पोटात मेमरी असते. ती म्हणजे घरापुढचा ओटा समजा. आत कणगीत धान्य कितीही असो, बसायचं, बोलायचं, काम करायचं ते ओट्यावर. माझा ओटा दोन जीबीचा. मी जन्मलो तेव्हा तेवढ्यात गाव बसत असे. आताची पानं मात्र अशी फुगलेली असतात, की एकटं एक पान येतं आणि मांडी घालून सगळा ओटा अडवतं.

आणि प्रत्येक तांड्याला जसा नायक, म्हणजे मुखिया, असतो, तसा माझ्या आतही एक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा तो. त्याला कर्नेल म्हणतात. किबोर्ड असो, पडदा असो, वायरीने आलेला पाहुणा असो, आधी या नायकाला भेटल्याशिवाय कुणाला ओट्यावर पाय ठेवता येत नाही. पाहुण्याची ओळख सांगायला नायकाजवळ माणसं असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. नायक ओट्यावर कायमचा बसलेला असतो. तो कधी उठत नाही.

माझा नायक भला होता, पण त्याचा पसारा मोठा होता. तयार मिळणारं कर्नेल जगातल्या सगळ्या यंत्रांना चालावं म्हणून एकाच मापाने शिवलेलं असतं. त्यात शेकडो बैलांची दावण आखलेली होती, माझ्याकडे बैल, म्हणजे प्रोसेसर, दोनच. मी कधी कोसळलोच, तर का कोसळलो ते लिहून ठेवायला एक अख्खा कोपरा दोरी लावून राखलेला होता. जे पाहुणे माझ्या दारी या जन्मी येणार नाहीत, त्यांच्याही ओळखीची काही माणसं सकाळपासून येऊन बसलेली. ओट्यावरची एवढी जागा अशीच जायची, आणि कामाला आलेली पानं पायरीवर ताटकळायची.

एरवी कुणाला काही वाटलं नसतं. पण त्या वर्षी काम वेगळं होतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या तांड्यात ट्रक येतात. कोयते, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि माणसं घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरंही जातात, कारण मागे त्यांना भाकर कोण देणार? चार-पाच महिने शाळा सुटते, आणि एकदा सुटलेली शाळा पुष्कळांना पुन्हा धरता येत नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणची एक संस्था म्हणाली, आम्ही तांड्यातच वसतिगृह चालवू. शाळेच्या दोन खोल्या, दोन वेळचं जेवण, आणि राखायला एक ताई. ती ताई म्हणजे संगीता. अट एकच. ठरलेल्या बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेकरांची यादी, फोटो आणि आईबापाच्या सह्या कॉम्प्युटरवरून पाठवायच्या. यादीत नाव असेल त्याची सोय होईल. नसेल तो गुरुवारी पहाटे ट्रकमध्ये बसेल.

संस्थेचं ते पान मोबाईलवर उघडत नव्हतं. माझ्यावर उघडायचं. पण चौथ्या लेकराचा फोटो चढवला की माझा ओटा भरायचा, पान पांढरं पडायचं, आणि आधीचे तीनही पुसले जायचे. यादी एकवीस लेकरांची होती. सगळी एकाच वेळी पाठवावी लागत होती.

संगीता मला घेऊन पुनीतच्या दुकानात गेली. माझं वाय-फाय मेलेलं आहे, पण दुकानात इंटरनेटची वायर होती. तिथून खुशबूला फोन लावला.

"रॅम वाढव ना," खुशबू म्हणाली.

"ताई, दुसरी खाच जळेल हाय याची. नवी रॅम बसतच नाई."

"अगं बाई. माझ्या हातून चहा सांडला होता एकदा," पुण्याहून हसू ऐकू आलं. "मग एक कर. कर्नेल बारीक कर. सांगते मी. एक कमांड आहे. ती हजेरी घेते. आत्ता या क्षणी कोणते ड्रायव्हर कामावर आहेत ते बघते, तेवढ्यांचीच नावं ठेवते, बाकी सगळी गाळून टाकते."

"म्हंजे गुरुजीच्या पटासारखं."

"तसंच. आणि तो राखलेला कोपरा काढ, दोनपेक्षा जास्त प्रोसेसर धरू नको म्हणून सांग. मात्र जुनं कर्नेल पुसू नकोस हां. सुरुवातीच्या मेनूत ते राहू दे."

पुनीत गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडत म्हणाला, "संगीता, कायले त्या म्हाताऱ्याले डाएटवर टाकून राह्यली? दिवाळीची स्कीम हाय, नवा घे."

"स्कीम तुमच्याजवळ हाय, पुनीतभाऊ. माह्याजवळ हाच हाय."

हजेरी झाली. नवा नायक घडू लागला. पावणेदोन तास मी चुलीवरच्या तव्यासारखा तापलो. माझा पंखा इतका ओरडला, की हुकूमचंद शेठ कापड फाडता फाडता म्हणाले, "अरे, गिरणी सुरू केली का?" मग मी बंद झालो आणि पुन्हा उठलो.

मित्रांनो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरभर पसरलेला लग्नाचा मांडव उतरावा आणि अंगण पुन्हा दिसावं, तसं. किबोर्ड चालला, पडदा चालला, इंटरनेटची वायर चालली. दीडशे एमबीहून जास्त जागा मोकळी झाली होती. आजच्या कुणाला ही जागा चिमूटभर वाटेल. पण भरलेल्या ओट्यावर कुणी थोडं सरकून बसलं, तर उभ्या माणसाला किती बरं वाटतं ते उभ्या माणसालाच विचारा. संगीताने नमुन्याचे एकवीस फोटो चढवून पाहिले. पान हललं नाही. पुनीतने माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर थाप मारली. "वा रे म्हाताऱ्या!"

ती थाप घेऊन मी तांड्यात परतलो. सह्या अजून राहिल्या होत्या, कारण माणसं सोयाबीन काढायला वावरोवावर पांगली होती. आपण सगळं ठीक केलं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

बुधवार उजाडला. शाळेची शिक्षिका, सुकेशनी मॅडम, यांनी खोली उघडून दिली. संगीताचा भाऊ धनराज आपला मोबाईल घेऊन आला. घरात चांगला मोबाईल तो एकच. तांड्यात मला इंटरनेट मिळायचं ते त्याच्याच मोबाईलमधून, वायर जोडून.

वायर जोडली. मोबाईलचा दिवा लागला. आणि काहीच झालं नाही.

पुन्हा जोडली. वायर उलटी करून पाहिली, पुसून पाहिली, दुसरी आणली.

"चार्जिंग त होऊन राह्यली," संगीता म्हणाली.

"चार्जिंग होते, पन वळख नाई देत तुहा डब्बा," धनराज म्हणाला. "सोयऱ्याच्या लग्नात वाढपी पानात वाढते आन नाव इचारत नाई, तसं झालं हे."

"तुहाच मोबाईल बिघडला असन."

"माहा? अव, कालच पाह्यला ना मी त्याच्यावर सिनेमा!"

संगीताने दुकानात फोन लावला तर पुनीत म्हणाला, "आज दुकान बंद हाय, आमी सगळे शिरपूरले दर्शनाले आलो." मानोऱ्याची बस सकाळीच निघून गेली होती. खुशबू मीटिंगमध्ये होती. मी टेबलावर बसून होतो आणि मला सांगता येत नव्हतं, की त्या वायरीच्या टोकाला कुणीतरी उभं आहे, दार वाजवतं आहे, पण माझ्या नव्या नायकाजवळ त्याला ओळखणारं माणूसच नाही.

दारात कमलीबाई उद्याचं बोचकं बांधत बसल्या होत्या. पातेल्यात तिखटमिठाच्या पुड्या, पुड्यांवर गोधडी, गोधडीत गुंडाळलेला कोयता. लेकीची धडपड त्या मघापासून पाहत होत्या.

"काय झालं व? कालपरवा त चालू होता म्हने."

"दुकानात चालला, याडी. मी याच्यातले फालतू लोक काढले ना, जागा व्हावी म्हनून. हजेरी घेतली. जे हजर होते ते ठुले."

"आन हा मोबाईल कुठी होता तवा?"

"धनराजदादाच्या खिशात. वावरात."

कमलीबाईंनी गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि सहज म्हणाल्या, "मंग त्याचं नाव कोन लिवन? मोजाच्या दिवशी जो घरी नाई, तो कापल्या जाते. तुलेबी गुरुजीनं नोतं लिवलं. मोजाले आले तवा आपन कारखान्यावर."

संगीताचे हात थांबले.

तिची ती गोष्ट मी तिने माझ्यातच टाइप केलेल्या वहीत वाचली होती. सात वर्षांची होती ती. ऊसतोडीच्या फडावरून परतली तेव्हा शाळेच्या पटावर तिचं नाव नव्हतं. ती वर्गात बसायची, पण हजेरीत नाव यायचं नाही. पुस्तकं यायची, तिच्या नावाची नाही. एक वर्ष ती वर्गात असूनही नव्हती. हाक मारली नसतानाही ती रोज मनातल्या मनात 'हजर' म्हणायची, असं तिने लिहून ठेवलं आहे.

आणि तिनेच परवा माझ्या आतल्या कुणाकुणाला तसंच गाळलं होतं. तिचा दोष मी मानत नाही. हजेरी घेणारा समोर बसलेल्यांकडेच पाहतो.

"याडी," ती म्हणाली, "तू इंजिनियर व्हाले पायजे होती."

"मी कोयत्याचीच इंजिनियर बरी. वाजले किती?"

साडेबारा वाजले होते.

तिने मला बंद करून जुन्या नायकाला उठवलं. तो मेनूत होताच, मोठा पसारा मांडून. त्याने मोबाईलला लगेच ओळखलं. "आता ठीक हाय ना? टाक फोटो!" धनराज म्हणाला. पण संगीताला माहीत होतं, याच्या राज्यात चौथ्या फोटोला पान पांढरं पडतं. तिने मोबाईल जोडलेला ठेवला आणि हजेरी नव्याने घेतली. मॅडमचा पेनड्राइव्ह मागवून लावला, शाळेचा माऊस लावला. कमलीबाई दारातून विचारत राहिल्या, "आनखी कोन बाहेर हाय? तेबी बोलाव." सगळा नायक पुन्हा घडवायचा नव्हता. राहिलेल्या चार भाकरी तेवढ्या थापायच्या होत्या. मी तापलो, पंखा घरघरला. कमलीबाई गाठोड्यावर हात ठेवून आपल्याशीच गुणगुणत होत्या. त्या गाण्याचा अर्थ असा:

तांडा निघाला गं दूर, चूल ऊन ठेवा राणी,
मागं राहिल्या पाखरा, डेऱ्यामंदी ठेवा पाणी.

अर्ध्या तासाने बारीक नायक पुन्हा ओट्यावर आला. वायरीच्या टोकाला उभा असलेला पाहुणा आत आला. पान उघडलं. एक, दोन, तीन. चौथा फोटो चढला. दहा. पंधरा. दोन वाजता एकवीसच्या एकवीस लेकरांचे चेहरे माझ्या ओट्यावर बसले होते, कुणी हसत, कुणी नाकाला शेंबूड, कुणी नवा सदरा घालून ताठ.

खाली पाठवायचं बटण होतं.

"दाब!" धनराज म्हणाला. "दाब ना व. कायची वाट पाहून राह्यली?"

संगीताचं बोट बटणावर होतं. पण ती पडद्याकडे पाहत नव्हती. टेबलावरच्या कागदाकडे पाहत होती. ती यादी तिनेच लिहिलेली. सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर एका संध्याकाळी बसून, समोर आलेल्या आईबापांना विचारून.

"याडी," तिने हळूच विचारलं, "मी लेकरं मोजली त्या दिवशी घरी कोन नोतं?"

कमलीबाईंनी वर पाहिलं. मग बोचकं बाजूला सारून उठल्या. "चाल," म्हणाल्या. "इचारून येऊ."

"अन मोबाईल?" धनराज ओरडला. "मले ट्रकवाल्यासंग सामान पाहाचं हाय!"

"मोबाईल इथंच राहीन. तू तोंडानं सामान पाह्य," कमलीबाई म्हणाल्या, आणि दोघी मायलेकी उन्हात निघून गेल्या.

मित्रांनो, पुढचे दोन तास मी काहीही केलं नाही. माझ्या आयुष्यातलं तेच सगळ्यात मोठं काम. एकवीस लेकरं ओट्यावर घेऊन मी बसून राहिलो. आधीचा मी असतो, तर दहाव्या मिनिटाला ओटा खचला असता. आता दीडशे एमबीची ती चिमूटभर मोकळी जागा माझ्या छातीत श्वासासारखी होती. खिडकीतून दिसत होतं. त्या दोघी घरोघरी जात होत्या. दारात उभ्या राहून त्या 'घरात कोण कोण आहे' असं विचारत नव्हत्या. 'घरात कोण नाही' असं विचारत होत्या. प्रश्न ऐकून बाया आधी चमकायच्या, मग बोटं मोजायला लागायच्या.

सव्वाचारला त्या परतल्या. मागे रुपाबाई, आणि रुपाबाईंचा पदर धरून सात वर्षांची जमना. ही आजी-नात दोन आठवडे आसेगावकडे सोयाबीन काढायला गेली होती. दुपारीच परतली होती, ती ट्रक धरायला.

"मले वाटलं, यादी त झाली," रुपाबाई म्हणाल्या. "झालेल्या यादीत आपलं कोन घेते, बाप्पा? म्हनून इचारलं नाई."

"काकी, यादी माह्या हातानं लिवली हाय. इथं अंगठा द्या."

जमनाने फोटोला डोळे इतके मोठे केले की मॅडम हसल्या. बाविसावा फोटो चढला. मी धरलं.

आणि मग एक नाव राहिलं. करण. दौलतसिंगचा मुलगा, आठ वर्षांचा. ते कुटुंब पहिल्याच ट्रकने, दसऱ्यानंतर लगेच गेलेलं. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "तो पोरगा जातानी म्हने, माहं दप्तर कोनाले देऊ नका." दौलतसिंगचा फोन लागत नव्हता. फोटो नव्हता, सही नव्हती. संगीताने तेविसाव्या ओळीत नाव लिहिलं तर पान लाल झालं. फोटोशिवाय ते नाव घेईना.

"साडेचार होऊन गेले," सुकेशनी मॅडम म्हणाल्या. "एकासाठी बावीस अडकतील, संगीता."

ते खरं होतं. संगीताने करणची ओळ पुसली. तिने 'क'चं बटण दोनदा दाबून ते नाव लिहिलं होतं, पुसायला मात्र एकदाच दाबावं लागलं. ते मला आत कुठेतरी लागलं. मग ती पानाच्या अगदी तळाशी गेली. तिथे एक चौकोन होता, 'इतर माहिती' असं लिहिलेला. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. तिने लिहिलं: 'करण दौलतसिंग, वय आठ. मोजणीच्या दिवशी घरी नव्हता. सध्या फडावर आहे. आमचाच आहे. जागा ठेवावी.'

पाचला बारा मिनिटं कमी असताना तिने बटण दाबलं. गोल चकती फिरली, फिरली. मग हिरवी खूण आली. मिळालं.

गुरुवारी पहाटे ट्रक आले. या तांड्यातली लेकरं पहिल्यांदा खाली जमिनीवर उभी होती आणि आईबाप वर ट्रकमध्ये. कोण जास्त रडलं ते सांगत नाही. फुलसिंगने ट्रकमधून हात केला. कमलीबाई चढायच्या आधी शाळेत आल्या. संगीताच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या, पदराने माझ्या झाकणावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "पोरीवर ध्यान ठेव रे, बुढ्या." माझा तेवढा सत्कार पुरे आहे.

आठ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. बावीस नावं मंजूर. तळच्या चौकोनातल्या ओळीबद्दल त्यात काहीच नव्हतं. संगीताने पुन्हा लिहिलं आहे. दौलतसिंगचा फोन कधीतरी लागतो, चार शब्द होतात आणि तुटतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूची एक विनंती ऐका. माझ्यासारख्याला लगेच फेकू नका. जरा आत पाहा. पुष्कळदा आम्ही थकलेले नसतो, नको तेवढं अंगावर घेऊन बसलेले असतो. थोडं उतरवलं तर आणखी काही वर्षं आम्ही तुमचं ओझं धरू. पण उतरवताना सांभाळून उतरवा. घर आवरा, कपाट आवरा, यादी आवरा, पण हात घालण्याआधी एकदा उंबरठ्यावर या आणि सडकेकडे पाहा. जो आज दिसत नाही, तो नकोसा आहे असं धरून चालू नका. तो कामाला गेलेला असेल. कुणाच्या खिशात असेल, वावरात असेल, दूरच्या फडावर असेल. त्याला परत यायचं असेल.

आता संध्याकाळ होते आहे. व्हरांड्यात पंगत बसली आहे. बावीस ताटल्या, मधोमध वरणाची बादली. जेवण वाढण्याआधी संगीता रोज मोजते. ओळीच्या एका टोकाकडून बोट फिरवत येते. जमना शेवटी बसते, तिचं डोकं बाविसावं. तिथे मोजणी थांबायला हवी.

संगीता थांबत नाही. जमनाच्या शेजारी एक रिकामी बसकर अंथरलेली आहे. तिच्यावर बोट नेऊन ती म्हणते, "तेवीस." आणि सगळी लेकरं, आता न सांगता, एका सुरात ओरडतात, "हजर!"